शून्य कुणी लिहिलं

साकीनाक्याला पत्रा कापणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर त्यांचं ऑफिस होतं. खाली मशीनचा दणका बसला की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना प्रीतम घाडीगावकर तिथे एकटा बसला होता, आणि स्क्रीनकडे बघताना त्याचे कान तापले. कुणी बघत नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. तरी त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला, कपडे बदलताना कुणी आत आलं की माणूस दार ओढून घेतो तसा.

स्क्रीनवर इंग्रजीत दोनच शब्द होते. अर्थ एवढाच: मोजलं नाही.

हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. प्रोसेसरच्या पोटात मोजणी करणारे थोडेसे काउंटर असतात. काम करता करता प्रोसेसर किती वेळा अडला, जवळच्या छोट्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, हवी ती माहिती सापडली नाही म्हणून किती वेळा लांबच्या मेमरीकडे धावला (याला कॅश मिस म्हणतात), हे ते मोजतात. काउंटर जेमतेम सहा, आणि मोजण्यासारख्या गोष्टी शेकड्यानं. मधे ऑपरेटिंग सिस्टीम बसलेली असते, यांच्याकडे लिनक्स. काय काय मोजता येईल त्याची नावं ती देते, आपण नाव सांगायचं, ती काउंटर लावते. सहाच्या जागी सोळा गोष्टी मागितल्या तर ती आळीपाळीनं लावते, प्रत्येकीला थोडा थोडा वेळ देते आणि त्यावरून पूर्ण वेळाचा अंदाज सांगते. वर हेही सांगते की बाबा, एवढाच वेळ मी प्रत्यक्ष मोजलंय. आणि जिची पाळी येण्याआधीच प्रोग्राम संपून गेला, तिच्यापुढे ती मनाचा आकडा टाकत नाही. सरळ लिहिते, मोजलं नाही.

मशीन इतकं सरळ होतं. वाकडा होता तो प्रीतम.

त्यांची कंपनी दवाखान्यांसाठी एक डबा बनवायची. अतिदक्षता विभागातल्या खाटांवरच्या यंत्रांच्या वायरी त्या डब्यात यायच्या. कुणाची नाडी घसरली, ऑक्सिजन उतरला, की डब्यानं नर्सच्या टेबलावर घंटा वाजवायची. डब्यात मुख्य प्रोग्राम दोन. खाटांकडून आकडे वाचून आणणारा प्रीतमचा. ते तपासून घंटा वाजवणारा श्रुतिकाचा. मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये डबा चाचणीसाठी बसवला होता आणि घंटा उशिरा वाजत होती. जुनी यंत्रणा सोबत चालू होती म्हणून कुणाचं बरंवाईट झालं नाही. पण दोनातला कुठला प्रोग्राम डबा अडवतोय ते शोधायचं होतं, आणि शोधायचं काम प्रीतमकडे होतं. म्हणजे चोरीचा तपास दोन संशयितांतल्या एकाकडे. यात कुणाला काही खटकलं नाही. खटकायला नको होतं का? पण तो दहा वर्षं जुना, ती दहा महिन्यांची.

निकाल सांगायची मीटिंग झाली त्याला आता तीन आठवडे झाले होते. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर प्रीतमनं कॅश मिसचा आलेख लावला होता. श्रुतिकाच्या नावावर छतापर्यंत गेलेला लाल खांब. स्वतःच्या नावावर खांबच नाही, नुसतं शून्य.

श्रुतिका मेस्त्री मागच्या खुर्चीवरून म्हणाली होती, "शून्य कसं येईल? मेमरीला हात लावणारा कुठलाही प्रोग्राम शून्य कॅश मिस देऊच शकत नाही. थोडे तरी येणारच ना."

"माझा कोड तेवढा स्वच्छ आहे," प्रीतम म्हणाला.

लोक हसले. टीममधला सौरभ तर टेबलावर हात आपटून हसला.

"मला रॉ आउटपुट, मशीननं जसाच्या तसा दिलेला, बघायला मिळेल का? मी स्वतः मोजून बघते. माझ्या लॉगिनला काउंटर बंद आहेत."

"ते सगळ्यांसाठी नसतं. सिक्युरिटीचा विषय असतो. आणि आकडे मी नाही दिले, प्रोसेसरनं दिलेत. त्याचं आणि तुझं भांडण असेल तर मला माहीत नाही."

पुन्हा हशा. कंपनीची मालकीण शर्मिष्ठा जयवंत फोनमध्ये बघत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "श्रुतिका, डिफेन्सिव्ह नको होऊस. आकड्यांशी वाद नाही घालायचा." आठवड्याभरात श्रुतिकाला सांगितलं गेलं की प्रोबेशन संपतंय, पुढे चालू ठेवता येणार नाही.

काउंटर बंद कुणी ठेवले होते? लिनक्समध्ये त्याची एक सेटिंग असते. ती किती कडक ठेवायची ते मशीनचा ताबा असणारा ठरवतो. ऑफिसात चाचणीला ठेवलेल्या प्रत्येक डब्याच्या बोर्डवर ती प्रीतमनं सगळ्यात कडक ठेवली होती, म्हणजे मोजणार तो एकटा. सिक्युरिटी वगैरे सांगायच्या गोष्टी. आपल्यावाचून सगळ्यांचं अडलं पाहिजे, एवढाच त्यातला धर्म.

आणि ते शून्य? आउटपुटमधले आकडे उचलून एक्सेलला देणारी एक स्क्रिप्ट, चार ओळींचा प्रोग्राम, त्यानं कधीकाळी लिहिली होती. रकान्यात आकड्याऐवजी शब्द आले की आलेख मोडायचा, मधे भोक पडायचं. मॅडमला भोकं आवडायची नाहीत. म्हणून त्यानं एक ओळ घातली होती: आकडा नसेल तर शून्य धर. बस. तेव्हा त्यात पाप नव्हतं, आळस होता.

त्याचा प्रोग्राम दर खेपेला नव्यानं उठायचा, खाटांचे आकडे वाचायचा आणि संपायचा. सोळा गोष्टींच्या रांगेत कॅश मिसची पाळी येईपर्यंत तो संपलेला असायचा. श्रुतिकाचा प्रोग्राम सतत चालू, म्हणून तो मोजला गेला. जो मोजला गेला तो दोषी ठरला.

हे सगळं गुरुवारी दुपारी का उघडं पडलं? कारण श्रुतिकाला घालवून, तिचा प्रोग्राम काढून, सौरभनं लिहिलेला नवा घातला तरी मुलुंडची घंटा उशिराच वाजत होती. म्हणून प्रीतमनं स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि हातानं कमांड दिली. मोजलं नाही, असं आलं. मग त्यानं सोळाऐवजी दोनच गोष्टी मागितल्या. काउंटरना रांगच उरली नाही. आकडा आला. तो श्रुतिकाच्या लाल खांबाच्या कितीतरी पट होता. दर खेपेला नव्यानं उठणारा त्याचा प्रोग्राम दर खेपेला सगळं सामान लांबून ओढत आणत होता, आणि तिचा प्रोग्राम मागे ताटकळत होता.

त्याला आधी काय वाटलं ते सांगितलं पाहिजे. आधी वाटलं, हे कुणी बघितलं तर नाही? वाईट वाटायची पाळी त्यानंतर आली.

जेवून सगळे परतले तेव्हा तो शर्मिष्ठा मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"मॅडम, त्या दिवशीचा आकडा चुकला होता."

"कुठल्या दिवशीचा?"

"श्रुतिकाच्या वेळचा. प्रॉब्लेम माझ्या मॉड्यूलमध्ये आहे."

तिनं चष्मा काढला. "फिक्स किती वेळात होईल?"

"दोन दिवस. प्रोग्राम सतत चालू ठेवायचा, दर वेळी नव्यानं उठवायचा नाही."

"मग कर ना. कस्टमरला मंगळवारी दाखवू."

"नाही, पण श्रुतिकाचं..."

"प्रीतम, ती गेली. आता उकरून काय मिळणार? मेल-बिल नको लिहूस. उद्या कुणी विचारेल, तुमची तपासायची पद्धतच अशी आहे का म्हणून. तुला तरी कुठे मुद्दाम करायचं होतं."

केबिनमधून बाहेर येताना त्याला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं, त्यानं सौरभकडे बघून भुवईसुद्धा उडवली. खुर्चीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. आपण परवानगी मागायला गेलो होतो, आणि ती मिळाली म्हणून आपल्याला बरं वाटलं. कसली परवानगी, तर गप्प बसायची.

आता दुसरी गोष्ट, जी ऑफिसात कुणाला माहीत नव्हती. प्रीतम आणि श्रुतिका एकाच गावचे. कणकवलीच्या आतल्या अंगाचं गाव, तिथली माणसं गिरणीत आली, गिरणी गेल्यावर मिळेल त्या कामाला लागली आणि घाटकोपर, भांडुप, कांजूरमार्ग अशी पसरली. त्यांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ होतं. दर महिन्याच्या एका रविवारी घाटकोपरच्या भटवाडीत सगळे जमायचे. देवळाची दुरुस्ती, वाटेचा वाद, कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, सगळं तिथे निघायचं. श्रुतिकाला नोकरीला मीच घेतो असं प्रीतमनं तिथेच माइकवर सांगितलं होतं. टाळ्या घेतल्या होत्या. तिच्या बापानं, धाकू मेस्त्रीनं, त्याच्या हातात शाल ठेवली होती.

आणि ती रुजू झाली त्या सकाळीच जिन्यात त्यानं तिला सांगितलं होतं, "ऑफिसात दादाबिदा नको. सर म्हण. नाहीतर म्हणतील गाववाल्यांची भरती चाललीय."

"बरं सर," ती म्हणाली होती.

गेल्या रविवारी मंडळात धाकूच्या शेजारच्या कुणीतरी विचारलं, काय हो प्रीतम, मेस्त्र्यांच्या चेडवाची नोकरी गेली म्हणतात. प्रीतम म्हणाला, "मी खूप सांभाळून घेतलं. पण पोरीचं काम कच्चं होतं. आकडेच तसे आले." धाकू तिथेच चहाचे कप गोळा करत होता. त्यानं मान खाली घातली आणि कप गोळा करत राहिला. त्या खोलीत प्रीतमचा शब्द म्हणजे नुसता शब्द नव्हता. घाडी म्हणजे देवापुढे सगळ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारं घराणं. त्याचा आजा बोलला की गाव गप्प व्हायचा. नातू बोलला तेव्हाही गाव गप्पच झाला.

शुक्रवारी, शनिवारी प्रीतमनं प्रोग्राम दुरुस्त केला. ऑफिसातल्या डब्यावर घंटा वेळेवर वाजायला लागली. प्रत्येक वेळी वाजली की त्याला श्रुतिका आठवायची. शनिवारी घरी आई, शेवंती, ताट वाढून बसली होती.

"जेवक कित्याक येणस नाय? तोंड असा कित्याक केलंस?"

"आई, उद्या मंडळात जाणार आहे."

"गेल्या रविवारीच तर झाली मां बैठक?"

"देवळाच्या कौलांसाठी पुन्हा बोलावलीय." मग थांबून म्हणाला, "घरात नारळ आहे?"

"आसा. कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

शेवंती जेवायची थांबली. त्यांच्या गावाची एक रीत होती, मुंबईतही मोडली नव्हती. ज्याच्याकडून दुसऱ्याच्या नावाला बट्टा लागला असेल त्यानं बैठकीत उभं राहायचं, देवाच्या फोटोपुढे नारळ ठेवायचा आणि केलेलं तोंडानं सांगायचं. ज्याचं नाव गेलं त्याच्या घरच्यानं तो नारळ उचलला की विषय मिटला. नाही उचलला तर नारळ तिथेच राहतो, पुढच्या बैठकीपर्यंत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. घाड्याच्या घरातून तिथे आजवर नारळ गेला नव्हता. दुसऱ्यांचे नारळ मात्र घाड्यांनीच ठेवून घेतले होते.

"कोणाक काय केलंस?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. काउंटर आणि कॅश तिला कळलं नाही. पोरीची नोकरी गेली आणि चूक ह्याची होती, ते कळलं. तिनं उठून नारळ आणला, शेंडी नीट केली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर त्याला जेवता आलं असतं.

रविवारी बैठकीआधी तो असल्फ्याच्या टेकडीवर धाकूच्या खोलीत गेला. कशाला? इथेच मिटलं तर तिथे उभं राहावं लागणार नाही, म्हणून. नारळ पिशवीत होता, पिशवी त्यानं पायामागे सरकवून ठेवली.

"ये रे प्रीतम. बस. चाय घेतंस मां?" धाकू म्हणाला. सत्तरीला आलेला माणूस, जावयाला करावी तशी खुर्ची पुढे केली त्यानं.

श्रुतिका पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. "या सर," ती म्हणाली.

"सर काय गं घरात."

"तुम्हीच सांगितलं होतं. जिन्यात."

धाकूनं दोघांकडे बघितलं आणि स्टोव्हकडे वळला.

प्रीतमनं सांगायला सुरुवात केली. सोळा इव्हेंट, सहा काउंटर, आळीपाळी. ती मधेच म्हणाली, "माझ्यासाठी ट्युशन नको. नॉट काउंटेड आलं होतं ना?"

"हो."

"आणि तुझ्या स्क्रिप्टनं शून्य केलं."

"हो. तुला कसं..."

"दुसरं काय असणार? मी मीटिंगमध्येच ओळखलं होतं. म्हणून रॉ आउटपुट मागितला. तू म्हणालास ते सगळ्यांसाठी नसतं." ती आता तू-वर आली होती, आणि त्यात घरोबा नव्हता. "दादा, मी दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. दोन्हीकडे चांगले झाले. मग ते तुमच्या ऑफिसात फोन करतात. सौरभ काय सांगतो माहितीय? परफॉर्मन्स इश्यू होता म्हणतो. हसून सांगत असणार, त्याला सगळ्याचंच हसू येतं."

"मी सौरभला सांगतो."

"सौरभला काय सांगतोस? आणि हे मला इथे येऊन कशाला सांगतोयस? इथे तर मला माहीतच होतं. बाबांनाही मी त्याच दिवशी सांगितलं, माझी चूक नाही म्हणून. बाबा म्हणाले, घाड्याचा झिल तो, घाड्यांचं पोर खोटं कशाला बोलेल."

धाकूची पाठ स्टोव्हकडे होती. तो वळला नाही. म्हणाला, "माका काय कळणा नाय तुमच्या त्या डब्यातला. माका वाटला, चेडू स्वतःचा झाकता हा."

खोलीत चहा उकळत राहिला. आपण या म्हाताऱ्याकडून त्याच्या मुलीवरचा भरवसासुद्धा काढून घेतला होता, हे प्रीतमला तेव्हा कळलं. नोकरी गेली ते वेगळं.

"मला माफ कर श्रुतिका."

"तू जिथे बोललास तिथे बोल. आधी भटवाडीत. मग ऑफिसात. मग बघू." तिची नजर त्याच्या पायामागच्या पिशवीवर गेली. शेंडी बाहेर आली होती. "आणलायस तर खरा. मग लपवतोस काय?"

बैठकीला पन्नासेक माणसं असतील. पंखे गरगरत होते, मागे बायका, पुढे टोप्या. कौलांचा विषय झाला. अध्यक्ष माइक बंद करणार तेवढ्यात प्रीतम उठला आणि देवाच्या फोटोपुढे नारळ ठेवला. खोलीतली कुजबुज कापल्यासारखी थांबली. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "घाड्यांचो नारळ?"

आता बोलायचं होतं. आणि त्या माणसानं, जो दोन दिवस झोपला नव्हता, जो स्वतःच्या लाजेनं जळत होता, त्यानं काय सांगितलं असेल?

"मंडळी, गेल्या रविवारी मी श्रुतिकाच्या कामाबद्दल बोललो. ते बरोबर नव्हतं. म्हणजे झालं असं, की मशीनची थोडी गडबड झाली. मशीननं आकडा चुकीचा दिला, त्यामुळे सगळ्यांचाच गैरसमज झाला. तर ते मी मागे घेतो."

माणसांनी माना डोलवल्या. मशीनची गडबड म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. बँकेत होते, रेशनवर होते, तशी इथे झाली. अध्यक्ष म्हणाला, "चला, मिटला. मशीनचा काय, आज हा तर उद्या नाय." लोक हसले. धाकू उठून नारळाकडे निघाला. साधा माणूस, त्याला वाटलं झालं.

"बाबा, थांबा," मागून आवाज आला. श्रुतिका बायकांमधून उठून दाराशी उभी होती. "मी एक विचारू?"

"विचार ना बाय," अध्यक्ष म्हणाला.

तिनं प्रीतमकडे बघितलं. "मशीननं काय आकडा दिला होता?"

प्रीतमनं नारळाची शेंडी सरळ केली.

"आकडा दिला होता का?"

"नाही."

"मग काय दिलं होतं?"

"मोजलं नाही, असं सांगितलं होतं."

"मशीननं स्वतः सांगितलं, की मी मोजलं नाही."

"हो."

"मग शून्य कुणी लिहिलं?"

प्रीतमनं समोर बघितलं. समोर बसलेल्या प्रत्येक तोंडाला तो ओळखत होता. यांच्यातल्या निम्म्यांनी त्याला लहानपणी कडेवर घेतलं होतं. डाव्या भिंतीवर त्याच्या आजोबांचा फोटो होता, हार वाळलेला. प्रीतमनं मान खाली घातली, आणि मग त्याला आठवलं की कप गोळा करणाऱ्या धाकूनं अगदी अशीच घातली होती. त्यानं ती वर केली.

"मी लिहिलं," तो म्हणाला. "मशीनची चूक नव्हती. माझी होती. हिनं त्याच दिवशी मला विचारलं होतं, शून्य कसं येईल म्हणून. मी तपासलं नाही. हिला तपासूही दिलं नाही. माझा कोड स्वच्छ आहे म्हणालो आणि सगळ्यांना हसवलं. खराब काम माझं होतं, नोकरी हिची गेली. आणि आत्ता दोन मिनिटांपूर्वी मी तुमच्यासमोर पुन्हा खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "घाड्याच्या तोंडातसून."

धाकू नारळापाशीच उभा होता. हात अर्धा पुढे. त्यानं मुलीकडे बघितलं.

"ऑफिसात अजून बोललेला नाही तो," श्रुतिका म्हणाली.

धाकूनं हात मागे घेतला. नारळ फोटोपुढे राहिला. लोक उठले, चपला शोधायला लागले, प्रीतमच्या बाजूनं वळसा घालून निघाले. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही आणि कुणी शिवीही दिली नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आधी त्यानं मेल लिहिला. त्या दिवशी मीटिंगला असलेल्या प्रत्येकाला, मुलुंडच्या नर्सिंग होमला आणि श्रुतिकाला. त्यात मशीनची गडबड नव्हती. शून्य मी लिहिलं, असं होतं. घंटा उशिरा वाजायचं कारण माझा प्रोग्राम होता, श्रुतिका मेस्त्रीचा नाही, असं होतं. यापुढे सगळ्या बोर्डवर काउंटर सगळ्यांसाठी उघडे आहेत, असंही होतं. ती सेटिंग त्यानं मेलआधीच बदलली होती. स्क्रिप्टमधली ती ओळही काढली होती. आता जिथे मोजलं गेलं नाही तिथे आलेखाला भोक पडत होतं.

पाठवून तो खाली चहाला गेला. परत आला तेव्हा सौरभ त्याच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच हसत नव्हता. शर्मिष्ठा मॅडमच्या केबिनचं दार उघडं होतं.

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"मेल लिहू नकोस म्हणून."

"मग?"

"लिहिला."

"कस्टमरला पण?"

"घंटा त्यांच्याकडे वाजते, मॅडम."

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, मंगळवारी मुलुंडला तू जायचं नाहीस, सौरभ जाईल. बाकीचं नंतर बोलू. त्या 'नंतर'चा अर्थ त्याला कळला. वाद घालण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. आकड्यांशी वाद घालायचा नसतो.

खुर्चीवर आला तर श्रुतिकाचं उत्तर आलेलं होतं, सगळ्यांना पाठवलेलं. एकच ओळ. रॉ आउटपुट जोडलेला नाही.

त्यानं वाचलं आणि त्याचे कान पुन्हा तापले. विसरलो, असं तो स्वतःला म्हणाला. पण विसरला नव्हता. फाइल जोडायला उघडली होती, तिच्यात दिसलं होतं की 'मोजलं नाही' हे शब्द एकदा नाही, पानभर आहेत, त्याच्या प्रोग्रामच्या जवळजवळ प्रत्येक रकान्यात. शेंबड्या पोरालाही दिसले असते. आणि फाइल त्यानं बंद केली होती. कबुलीतसुद्धा थोडं हातचं राखायचं, ही सवय कुठून लागते माणसाला, कोण जाणे.

त्यानं फाइल जोडली. दुसरा मेल पाठवला. सौरभच्या स्क्रीनवर तो उघडलेला त्याला मागून दिसला. सौरभ पान खाली सरकवत गेला, सरकवत गेला, आणि एकदाच मागे वळून बघून पुन्हा पुढे वळला.

महिना गेला. श्रुतिकाला चेंबूरच्या एका कंपनीत काम लागलं, हे त्याला आईकडून कळलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीला तो गेला नाही. जायला हवं होतं. नारळ तिथेच असणार आणि आपण त्याच्यासमोर बसायचं, हे त्याच्यानं झालं नाही. त्या रविवारी दुपारी फोन वाजला.

"प्रीतम मां? धाकू बोलतंय."

"बोला काका."

"तू इलंस नाय."

"नाही काका."

"नारळ उचललंय रे मी. चेडू म्हणाला म्हणान उचललंय. ता म्हणाला, आता पुरे झाला." मागे माणसांचा गलका होता, कप वाजत होते. "माझा मन अजून जाग्यार नाय. ता तुका सांगूक फोन केलंय. उगाच तुका वाटाक नको, की सगळा मिटला."

"नाही वाटणार, काका."

"बरा मग. ठेवतंय."

फोन बंद झाला. आतून शेवंतीनं विचारलं, "कोणाचो फोन?"

"धाकूकाकांचा. नारळ उचलला म्हणाले."

"मग बरा झाला मां?"

"त्यांचं मन अजून जाग्यावर नाही," प्रीतम म्हणाला.